खिळ्यावरचा वाल्मिक

मुरबाडची बाजारपेठ मागे पडली तेव्हा कुठे जनाताईने तोंडावरचा पदर खाली घेतला. पौषातली थंडी होती, मला आधी वाटलं वाऱ्यामुळे ओढला असेल. पण फोटो स्टुडिओ आला तशी ती रस्त्याची कड बदलून पलीकडून चालली होती. ज्या दुकानात तिने कितीतरी वर्षं काढली, तिकडे तिने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

आम्ही दोघी म्हसा गावच्या जत्रेला निघालो होतो. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, तिथून पहाटेच्या निघालेल्या. जनाताई दर पौष पौर्णिमेला म्हसोबाला पायी जायची, तीही अनवाणी. मी २००४ साली पहिल्यांदाच तिच्याबरोबर होते, पायात चपला घालून. वाटेत शिंगं रंगवलेले बैल घेऊन माणसं चालली होती. त्यातल्या एकाने तिच्या पायांकडे बघून विचारलं, "मावशी, चपला इकून बैल घ्याचा हाय का?"

"बैल कशाला बाबा, घरात मी हाय ना," जनाताई म्हणाली. तो हसत पुढे गेला.

हा नवस तिने गेलेल्या भावासाठी धरलाय असं गावात सगळे समजायचे. मीही तसंच समजत होते. ठकीकाकी, म्हणजे तिची आई, आता नाहीत. शेवटची वर्षं त्या ओटीवर बसून तांदळातला बारीक खडाही वेचताना दिसायच्या. त्या गेल्यावर हे लिहू का म्हणून मी जनाताईला विचारलं आणि तिने हो म्हटलं, म्हणून लिहिते आहे.

जनाताई गावची लेक, मी गावची सून. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती माहेरी परत आली. घरात आई आणि धाकटा भाऊ वाल्मिक, वडील आधीच गेलेले. भावाच्या जिवावर बसून खायला नको म्हणून तिने मुरबाडच्या स्टुडिओत काम धरलं. मालक देवरामभाऊ. खेड्यातल्या बायका फोटोला आल्या की त्यांचा पदर परक्या पुरुषाने कसा सारखा करायचा, म्हणून त्यांना बाईमाणूस हवं होतं. जनाताई पदर लावायची, कपाळ पुसायची, रडकी पोरं हसवायची. पुढे ती फोटो कापायला, धुवायला, डागांवर ब्रश फिरवायलाही शिकली. देवरामभाऊंचा तिच्यावर विश्वास होता.

शहाण्णव सालच्या भातकापणीत वाल्मिकला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. मुरबाडला पोचेपर्यंत तो गेला. लग्नाचं बघणं चालू होतं त्याचं. आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. शाळा चौथीत सुटलेली, मतदान कार्डाचे फोटो काढायला माणसं आली तेव्हा हा रानात.

काही महिन्यांनी ठकीकाकी एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला त्याचं तोंड दिसंना झालंय गो. डोळं मिटलं का आधी दिसायचं, आता नाय दिसत." मग म्हणाल्या, "तुझ्या दुकानात सगळ्या तालुक्याचं फोटो, नि माझ्या पोराचा एक नाय?"

जनाताईच्या तोंडून निघून गेलं, आहे, एकदा आला होता दुकानात, शोधते.

त्यात खरं इतकंच होतं की वाल्मिक एकदा दुकानात आला होता. लावणीचे दिवस होते. मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा म्हणून तो शेतातून तसाच एसटीत बसला होता, पोटऱ्यांना चिखल. आत नवरा-नवरीचं गिऱ्हाईक. जनाताईने त्याला पायरीवरूनच परत धाडलं. दिवाळीनंतर चांगले कपडे घालून ये, असं सांगितलं. दिवाळी काही त्याला मिळाली नाही.

हे सगळं तिने मला त्या वाटेवर सांगितलं, आणि सुरुवात माझ्यामुळेच झाली. ठकीकाकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आदल्याच दिवशी त्यांनी तव्याऐवजी विस्तवावर हात टेकला होता. शहापूरला महिन्याअखेर कुठल्याशा संस्थेचं डोळ्यांचं शिबिर होतं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं की आता मोतीबिंदू पार पिकलाय, यंदा काढला नाही तर दृष्टी परत येईलच असं नाही. मी म्हटलं, "जनाताई, गेल्या वर्षी तुमचं शिबिर हुकलं, यंदा काकींना नक्की ने." तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "हुकलं नाय वयनी. मी हुकवलं." आणि फोटोचं सांगू लागली.

ठकीकाकी रोज संध्याकाळी विचारायच्या, फोटो गावला का गो? दुकानात पेट्या फार, बघते, असं म्हणत जनाताई दिवस ढकलत होती. ती आणि वाल्मिक एका साच्यातली भावंडं. तोच लांबट चेहरा, तीच हनुवटी. लहानपणी पाठमोरी बघून लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारायचे. एक दिवस ब्रशने कुणाच्या तरी फोटोतला मिशीवरचा डाग भरताना समोरच्या आरशात तिचं स्वतःकडे लक्ष गेलं.

वैशाखात देवरामभाऊ वाशिंदला एका लग्नाचे फोटो काढायला गेले. नवा कॅमेरा त्यांनी नेला, जुना तिवईवर होता, वरून काचेत बघायचा तो. दुपारी गिऱ्हाईक नसायचंच. जनाताईने दाराच्या फळ्या लावून घेतल्या. पिशवीत वाल्मिकचा चौकड्याचा शर्ट, भजनाला घालायची पांढरी टोपी आणि त्याचं घड्याळ आणलेलं होतं.

वेणी गुंडाळून टोपीत कोंबली तर टोपी शेंड्यासारखी उभी राहिली, म्हणून वेणी शर्टाच्या आत पाठीवर सोडली. कपाळावरचं गोंदण पावडरने झाकलं. नाकातली चमकी आणि कानांतलं काढून भोकं मेणाने बुजवली. बांगड्यांपाशी मात्र तिचा हात अडला. नवऱ्याने टाकली असली तरी तो जिवंत होता, आणि तिने हात कधी मोकळे केले नव्हते. देवाची माफी मागून तिने त्या उतरवल्या. मनगटावर वळ राहिले. वाल्मिकचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं, तेव्हा पट्ट्याखाली चिंधी गुंडाळली. मिशी काजळाने काढली.

पुढची अडचण मोठी होती. काचेत बघणारी तीच आणि स्टुलावर बसणारीही तीच. चेहरा नेमका कुठे येणार ते ठरवायचं कसं? तिने स्टुलावर केरसुणी उभी केली, तिला टोपी घातली आणि केरसुणी स्पष्ट दिसेपर्यंत काच फिरवली. हे सांगताना जनाताई थांबली. "लक्ष्मी ती. दिवाळीला हळदकुंकू वाहतो तिला. तिच्या डोक्यावर मी मेलेल्याची टोपी ठेवली."

कॅमेऱ्याला एक खिटी होती. ती ओढली की घरघर करत थोड्या वेळाने फोटो आपोआप निघायचा. खिटी ओढायची, केरसुणी उचलून बाजूला टाकायची, टोपी चढवायची, बसायचं आणि श्वास धरायचा. कधी टोपी वाकडी, कधी डोळे मिटलेले. एकदा घाईत तिवईलाच पाय लागला. रोल संपला तेव्हा अंधाऱ्या खोलीत लाल दिवाही विझवून तिने तो स्वतःच धुतला. फोटो धुवायला ती शिकली होतीच, रोल धुताना देवरामभाऊंना बघितलेलं होतं.

एकच फोटो धड आला होता, पण तोही फसलेला. मिशी दिव्याच्या उजेडात चकाकत होती, शिमग्यातल्या सोंगासारखी. आणि त्याहून वाईट म्हणजे बसलेली बाई होती. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, मान जरा खाली. बायकांना असंच बसवत आली होती ना ती इतकी वर्षं. भावाच्या कपड्यात बहीण बसली होती, आंधळ्यालाही कळलं असतं.

तिथेच थांबायला हवं होतं, ती म्हणाली. पण घरी गेल्यावर ठकीकाकींनी पुन्हा तेच विचारलं.

पुढच्या लग्नाला देवरामभाऊ गेले तेव्हा तिने मिशी काढलीच नाही, ती नंतर कागदावर ब्रशने भरणार होती. वाल्मिक बांधावर कसा बसायचा ते आठवून एक गुडघा बाहेर टाकला, त्यावर पंजा टेकला, हनुवटी वर केली. फक्त नजर जमेना. घरघर सुरू झाली की डोळे भेदरून कॅमेऱ्याकडेच जायचे. शेवटी तिने कॅमेऱ्याकडे बघायचं सोडलं आणि दाराकडे बघितलं. फळ्यांच्या पलीकडे ती पायरी होती. तिथे तो उभा आहे, चिखलाच्या पायांनी, आणि या वेळी त्याला आत ये म्हणायचं आहे, असं मनाशी धरून ती बसली.

तो फोटो कागदावर उतरवताना औषधाच्या पाण्यात आधी टोपी उमटली, मग कपाळ, मग डोळे. जनाताई म्हणाली, "मी हात जोडलं वयनी. आलास, म्हणलं मी त्याला. मीच काढलेला, मीच बसलेली, तरी त्या वक्ताला तो वाल्मिकच होता."

मग एकेक केस काढावा तशी तिने मिशी भरली. वाळत घातलेला फोटो देवरामभाऊंनी बघितला, हा कोण म्हणून विचारलं. भाऊ, एवढंच ती म्हणाली. त्यांनी वाल्मिकला कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने चौकट करून दिली आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही. तिला तेही बोचलं. सहा महिन्यांत तिने ते काम सोडलं आणि लोकांच्या शेतांवर जायला लागली.

फोटो घरी आला त्या दिवशी मीही गेले होते. ठकीकाकींना तेव्हाच धूसर दिसत होतं. त्यांनी चौकट नाकाशी धरली, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आला गो माझा बाबू." सगळ्या गावाला तो पटला. फक्त आमचे हे घरात म्हणाले होते की वाल्मिक फोटोत तापातून उठल्यासारखा दिसतो, मनगटं किती बारीक. मी त्यांनाच गप्प केलं. त्याचे डोळे काहीतरी बोलायला बघतायत असं मला वाटलं होतं. मी फूल वाहिलं आणि पाया पडले.

तेव्हापासून त्या घरात रोज त्या फोटोला हार पडायचा आणि जिचा फोटो ती चुलीपाशी भाकऱ्या थापत बसायची. सर्वपित्रीला त्याच्यापुढे पान वाढायचं. जिवंतपणी माझं पान वाढतात, असं तिच्या मनात यायचं, आणि घास उतरायचा नाही. ठकीकाकी फोटोशी बोलायच्या. "तुझ्या बहिणीला जरा अक्कल दे बाबा, मीठ जास्त टाकते," असं जनाताईला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि पहाटे, ती झोपलीय असं समजून, हळू आवाजात दुसरंच. "तू असतास तर पोरीला लोकांच्या रानात राबाय लागलं नसतं. माझ्यामागं तिचं कोण?" ते आईने मुलाला सांगितलेलं होतं आणि ऐकत होती मुलगी, दोन्हीकडून.

मी तिला म्हटलं, मग फोटो काढूनच टाक, फुटला म्हणून सांग. ती म्हणाली, दिवाळीला भिंत सारवताना एकदा काढून ठेवला होता. ठकीकाकींनी चाचपडत भिंतीवर हात फिरवला. हाताला नुसता खिळा लागला आणि त्यांनी हंबरडा फोडला, शेजारपाजार गोळा झाला. तिने घाईघाईने परत लावला. मग खरं सांगून टाक, मी म्हटलं. त्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगते. मंग तिला काय देऊ? रिकामा खिळा?"

गेल्या वर्षी ती आईला घेऊन निघाली होती. ठकीकाकींनी नवं लुगडं नेसलं होतं. निघताना फोटोसमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "येते रे. आता आली का तुला नीट बघते." सरळगावच्या फाट्यावर शहापूरची गाडी यायची होती. जनाताईच्या कानात तेवढंच वाक्य. गाडी आली, थांबली, माणसं चढली. जनाताईने आईचा हात धरून ठेवला. गाडी गेल्यावर म्हणाली, डॉक्टर आलेच नाहीत, असं तो कंडक्टर सांगतोय. ठकीकाकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो, पुढल्या साली जाऊ. तुला किती तरास माझा." आणि रस्ताभर लेकीच्या खांद्यावर हात ठेवून परत आल्या.

"दिसाय लागल्यावर फोटोत आयेनं मला वळखलं नाय, असं व्हईल का?" जनाताईने विचारलं. "मिशी काढली म्हणून काय झालं. पोटची पोर मी."

मी मनात म्हसोबाचं नाव घेतलं. मला तिचा राग यायला हवा होता, बाईने आईला सात वर्षं अंधारात ठेवली. पण मी तिच्या पायांकडे बघत होते. टाचेची भेग फाटून रक्त येत होतं आणि ती त्याच्यावर माती दाबून चालत होती.

म्हसा जवळ आलं. बैलांच्या धुळीने समोरचं देऊळ दिसत नव्हतं, नुसते घुंगरांचे आवाज येत होते. वाटेवरच्या विहिरीशी आम्ही थांबलो. मी पाणी शेंदून तिच्या पायांवर ओतलं. दर वर्षी देवाकडे काय मागतेस, मी विचारलं. ती म्हणाली, की आयेचे डोळे बरे कर असं मागायला तोंड उघडते, नि दरवेळी तेवढंच सोडून बाकी सगळं मागून येते.

मग तिने ओल्या हाताने माझं मनगट धरलं.

"वयनी, यंदा आयेला तू घेऊन जा. मी नेली, तर परत सरळगावच्या फाट्यावरनं माघारी आणीन."