दाराजवळची खुर्ची

"दाराजवळची खुर्ची तुमची," असं म्हणून ते स्वतः आतल्या कोपऱ्यात, खिडकीखाली जाऊन बसायचे. खोली एवढीशी. प्रथमोपचाराच्या खोलीला लागून होती, पूर्वी तिथे हेल्मेटं आणि हातमोज्यांचे खोके ठेवलेले असत. मी एकदा विचारलं, "तुम्ही कायम आतच का बसता?" तर म्हणाले, "समोरच्याला वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे, साहेब. कोंडल्यासारखं वाटलं तर कोण बोलेल?"

मी चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. ते मानसशास्त्रज्ञ होते, कामगारांशी बोलायला मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे यायचे. कामगार आधी त्यांना 'डोक्याचे डॉक्टर' म्हणत. पुढे कुणाला तरी त्यांच्या गळ्यातला छोटा क्रूस दिसला, बारा वाजता उभं राहून डोळे मिटून प्रार्थना करतानाही दिसले, आणि त्यांचं 'फादर' झालं. ते हसायचे. "अरे, मी फादर असतो तर घरच्या तीन मुली आणि एक बायको कुणाच्या नावावर लावल्या असत्या?"

तुम्ही चाकणला शिफ्ट सुटताना पाहिली असेल, तर बसच्या रांगेतले ते चेहरे तुम्हाला माहीत असतील. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, एका खोलीत पाचजण राहणारे. असली माणसं मनातलं बोलायला एका अनोळखी माणसाकडे जातील, यावर माझा विश्वास नव्हता. आमच्या फोरमनचा तर अजिबात नव्हता. तो इथल्या जुन्या गाववाल्यांपैकी. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाला, "ओ फादर, मशिनीला मन न्हाई, तरी झकास चालती. मग ह्यास्नी कशाला पायजे?"

"मशीन घाबरत नाही ना मामा," ते डबा उघडत म्हणाले, "म्हणून माणसाने घाबरायचं. नाहीतर बोटं कोण सांभाळणार?"

फोरमनच्या डाव्या हाताला अडीच बोटं कमी होती. तो त्यांच्या डब्यातली भाजी चाखायला सरकला. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी त्यांच्या डब्यात मटण-मासळी नसायची. "तुमचा श्रावण, आमचा उपवासकाळ," ते म्हणायचे. "पोटाला काय, दोन्हीकडे वांगंच."

ते देहूरोडला वाढलेले. वडील तिथल्या लष्करी कारखान्यात होते. रावेतला त्यांचा फ्लॅट होता. संध्याकाळची मीटिंग लावली की हात जोडायचे. "साडेसातला घरी जपमाळेची प्रार्थना असते. धाकटी वाट बघते. म्हणजे, मी उशीर केला तर आज सुटका होईल का, याची वाट बघते." नाताळला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वहिनींनी करंज्यांचं ताट पुढे केलं. तिन्ही मुली बापाची नक्कल करून दाखवत होत्या: "दाराजवळची खुर्ची तुमची!" खरंच, घरातही दाराला लागून एक वेताची खुर्ची होती. त्या दिवशी मी त्यांना त्यांच्यातल्या पापनिवेदनाबद्दल, चर्चमध्ये जाऊन आपली पापं सांगतात त्याबद्दल, विचारलं. सांगितलं की हलकं वाटतं का? ते म्हणाले, "सांगणं तेवढं अवघड. क्षमा तर आधीपासून तयार असते."

हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय की आता ते मला नकोसं होतं.

बालाजी आमच्या प्रेस शॉपला, पत्रा दाबून कापणाऱ्या मशिनींवर, कंत्राटी ऑपरेटर होता. नांदेडकडचा, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. शेजारच्या मशीनवर एकाचा पंजा गेला तो त्याच्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून पेडलवर पाय ठेवला की त्याचे हात कापायला लागत. मीच त्याला त्या खोलीत पाठवलं. "सर, मी येडा हाव का?" त्याने दारातच विचारलं. आतून आवाज आला, "नाही रे बाबा. तू पाहिलंस, एवढंच. ये, दाराजवळची खुर्ची तुझी." दोन महिन्यांत त्याचे हात बरेच स्थिर झाले. एक दिवस कॅन्टीनमध्ये तो मला बोलावून म्हणाला, "सर, बगा," आणि काठोकाठ भरलेला चहाचा कप एका हाताने उचलून दाखवला. थेंबही सांडला नाही.

त्याच सुमारास वरून विचारणा झाली: या खोलीत कोण कोण जातं, त्याची यादी द्या. प्रेस शॉपची माणसं कमी करायची होती. मी त्या खोलीत त्यांच्याकडे गेलो. ते एवढंच म्हणाले, "नावं माझी नाहीत, मी कशी देऊ?" आवाज चढवला नाही. मला पाणी विचारलं.

मग मी जे केलं ते सांगतो. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

मी त्या खोलीबाहेर एक वही ठेवली. नाव, विभाग, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. त्यांना म्हणालो, "लाइनवरून उठून येतात ना, त्यांची गैरहजेरी लागू नये म्हणून." त्यांनी वही चाळली, माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यासाठीच ना?" मी म्हणालो, "एवढ्यासाठीच." त्यांनी विश्वास ठेवला. कामगार बिचकत होते, सही करायला तयार नव्हते. बालाजी तर पेन हातात धरून उभाच राहिला होता. तेव्हा ते स्वतः बाहेर आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिही रे. साहेबांनी शब्द दिलाय."

माझ्या शब्दावर तो लिहिणार नव्हता. त्यांच्या शब्दावर त्याने लिहिलं.

महिनाअखेरीला मी ती वही वर नेऊन दिली. ज्यांच्या सह्या वारंवार होत्या, त्यांची कंत्राटं पुढे वाढली नाहीत. बालाजीला गेटवरच सांगितलं गेलं. आठवडाभरात त्याने राहत्या खोलीवर जीव दिला. बायको तेव्हा माहेरी होती, पाचवा महिना होता तिला.

शुक्रवारी ते आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. बसले नाहीत. "त्या वहीतून नावं घेतली का?"

मला अजून तो पंख्याचा आवाज ऐकू येतो. मी म्हणालो, "नाही हो. कंत्राटदाराचा निर्णय. वहीचा काय संबंध?"

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, हे आता चिडतील. पण ते खाली बघत म्हणाले, "मग चूक माझीच. त्याला काढलं त्याच्या आदल्या मंगळवारी तो समोर बसला होता. चांगला बोलला, हसलासुद्धा. मला दिसलं नाही." आणि मी, ज्याला सगळं माहीत होतं, त्यांना धीर दिला! "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," असं म्हणालो.

त्यांनी मनाला लावूनच घेतलं. बालाजी त्या मंगळवारी काय काय बोलला, ते पुन्हा पुन्हा आठवत बसत. एकदा मलाच विचारलं, "त्याने तुम्हाला कप उचलून दाखवला, ते निरोप घेणं तर नव्हतं?" बारा वाजता उभे राहायचे ते राहायचेच, पण पूर्वी मिनिटाभरात आटोपणारी प्रार्थना आता लांबत जाई. बाहेर माणसं खोळंबत. पुढे माणसंही येईनाशी झाली, कारण वहीचं कामगारांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त त्यांना. त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नाही. फोरमन एकदा मला म्हणाला, "त्या देवमाणसाला सांगत का न्हाई तुमी? माझ्या तोंडून शोभायचं न्हाई." मी म्हणालो, सांगतो.

सहा महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. दुसऱ्या वर्षी पोटाचा कर्करोग निघाला.

मी सांगायचं ठरवूनच रावेतला गेलो होतो. ते पलंगावर उशीला टेकून बसलेले, हातात जपमाळ, मनगटं काडीसारखी. मला पाहून हसले. आवाज पार बारीक झाला होता, तरी म्हणाले, "दाराजवळची खुर्ची तुमची." मी बसलो. वहिनी पाणी ठेवून आत गेल्या. ते म्हणाले, "बोला. काहीतरी घेऊन आलाय तुम्ही."

मी म्हणालो, "काही नाही, सहज. बघावंसं वाटलं."

त्यांनी जपमाळ उशीवर ठेवली. मग म्हणाले, "माझ्या डोक्यातून तो बालाजी जात नाही हो. इतकी वर्षं शिकलो, आणि समोर बसलेला माणूस दिसला नाही." एवढं कानावर पडूनही मी बोललो नाही. उठलो. दार हाताशीच होतं.

नवव्या दिवशी ते गेले. देहूरोडच्या दफनभूमीत मी मूठभर माती टाकली आणि इतरांबरोबर हात झटकले.

महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे त्यांच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेनंतर, मी वहिनींकडे गेलो. त्याच खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं: वही, यादी, टेबलापाशी बोललेलं खोटं, त्या दिवशीची भेट. मोठी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

वहिनी म्हणाल्या, "शेवटच्या रात्रीसुद्धा म्हणत होते, मला दिसलं नाही, मला दिसलं नाही. मी म्हणायचे, अहो देव क्षमा करतो. तर म्हणाले, देव करेल गं, पण त्याच्या बायकोला मी काय सांगू?" त्यांनी पदराने चष्मा पुसला. "भाऊजी, हे त्यांना सांगायचं होतं हो. मला सांगून काय?"

मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात मोठी पुढे आली, माझ्याकडे न बघता तिने ती वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली. फरशीवर चार पायांचे चार गोल डाग राहिले होते. मी त्या डागांमध्ये उभा होतो, आणि दार उघडं होतं.