चाल : सोनाआक्का

तुमच्या वस्तीत जयंतीला जी गाणी गातात, त्यांच्या चाली कुणी बांधल्या हे तुम्हाला सांगता येईल का? शब्द कुणाचे ते सांगाल, कारण पुस्तिकेवर कवीचं नाव असतं, कधी त्याचा फोटोही असतो. मी चालीबद्दल विचारते आहे. ज्या चालीमुळे ते शब्द तुमच्या तोंडात राहिले, ती आली कुठून?

नाशकातल्या आमच्या वस्तीत त्या सोनाआक्काच्या शिलाई मशीनवरून येत. आक्का विहाराच्या मागच्या गल्लीत राहायची. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश आणि जयंती जवळ आली की निळे झेंडे शिवायची. मूळची नांदगावकडची. पायाने मशीन चालवताना ती गुणगुणायला लागली की समोर कपडे टाकायला आलेल्या बायका बोलणं थांबवायच्या. पण टाचेने मशीन थांबवून आक्काने विचारावं, "मापाचं पोलकं आनलंस का?" की चाल गेली. पुन्हा म्हणायला सांगितलं तर ती खरोखर गोंधळायची. "आता काय म्हनत हुते म्या? पायाला ठावं, मला काय म्हायती?"

मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेली मुलगी. वडील शिक्षक, आणि संप असो की सभा, त्याचं पत्रक आमच्याच घरात लिहिलं जायचं. ओल्या शाईचे कागद वाळायला घातले की आम्हा भावंडांना पाय ठेवायला जागा नसायची. त्यामुळे छापलेल्या कागदावर कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, हे मला लहानपणापासून दिसतं. आणि ते दिसलं की मी गप्प बसत नाही.

आमच्या गायन पार्टीचे प्रमुख निवृत्तीमामा. पेटी वाजवायचे, गाणी लिहायचे, दर वर्षी पुस्तिका काढायचे. अशा पुस्तिकांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे एखाद्या सिनेमातल्या गाण्याचा मुखडा देतात. वाचणाऱ्याला कळतं, कसं गायचं ते. आक्काची चाल मात्र कुठल्याच सिनेमातली नसायची. मग मामा छापायचे, 'चाल : स्वतंत्र'.

"मामा, इथे आक्काचं नाव टाका," मी म्हटलं.

"अगं उषे, चालीच्या जागी माणसाचं नाव टाकलं तर लोक गातील कसं?"

"आणि 'स्वतंत्र' वाचून कसं गातील?"

मामा पेटीचा भाता हलवत राहिले. ते वाईट नव्हते. त्यांनी असा विचारच कधी केला नव्हता, आणि माझ्या मते एवढी चूक पुरेशी मोठी आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला नांदगावात मिळालं. तिथल्या पार्टीने आमची पुस्तिका विकत नेली होती, आणि कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं होतं. आक्का माहेरी जायचं म्हणून नवं लुगडं नेसून आलेली. गाणं सुरू झालं, 'लिही गं बाई, तुझं नाव लिही'. आक्काने बांधलेलं, आम्हा सगळ्यांचं लाडकं. पण नांदगावकरांना चाल माहीत नव्हती, म्हणून त्यांनी ते एका नाचाच्या सिनेमागीतावर बसवलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. आक्का मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "शब्द आपले, पाय परक्याचे."

परतीच्या वाटेत मी ठरवून टाकलं. चाल कागदावर जात नसेल तर ती आवाजात पाठवायची. टेपरेकॉर्डर घ्यायचा. वर्गणी गोळा झाली, आणि एका दुपारी मामा, आक्का आणि मी मेनरोडवरच्या दुकानात गेलो.

मामांनी आत शिरताच बोट दाखवलं ते भल्यामोठ्या टू-इन-वनकडे. दोन स्पीकर, रेडिओ, आवाजाबरोबर नाचणारे लाल दिवे. "मिरवणुकीत हातगाडीवर ठेवला की चौक हलेल!" दुकानदारही त्यांच्याच बाजूचा. पण आक्काने त्याला सरळ विचारलं, "एका हातानं चालतो का?"

"म्हणजे?"

"एक हात कापडावर असतो माझा. तो सोडला की शिवन वाकडी जाते."

मोठ्या यंत्रात आवाज भरायला दोन बटणं एकदम दाबावी लागत. आक्काने डाव्या हाताने करून पाहिलं आणि मान हलवली. मग तिने एकेक यंत्र पुढ्यात घेऊन डोळे मिटले आणि बोटांनी बटण शोधलं. सुई ओवताना चाचपतात तसं. वीज गेली तर? सेलवर चालेल का? माईक वेगळा लावायचा की पोटातच आहे? दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत उभी राहिली. शेवटी खालच्या फळीवरून एक चपटा, काळा, धरायला मूठ असलेला रेकॉर्डर आला. एकच स्पीकर, एकच लाल बटण, दिवेबिवे काही नाहीत. आक्काने डोळे मिटून बटण दाबलं आणि भर दुकानात गायली. दुकानदाराने ते परत लावलं.

"ही कोन बाई?" आक्का दचकली. "घसा बसलाय की हिचा!"

"आक्का, तुम्हीच."

"अगं बया! आनि एवढी वर्सं कुनी सांगितलं नाय मला?"

सगळं दुकान हसलं. मामा तेवढे नाराज. "डबा घेतलात आक्का, डबा."

"मला मिरवायचं नाय, भाऊ. धरायचं हाय."

त्यानंतर खरी पंचाईत झाली. मामांचा हुकूम होता, रेकॉर्डिंग स्वच्छ हवं, मशीन बंद. आक्का रेकॉर्डरसमोर फोटोला बसल्यासारखी ताठ बसली. चाल येईना. "मशीन थांबलं की मीबी थांबते," ती म्हणाली. मशीन चालू केलं तर टेबलाचा सगळा हादरा टेपमध्ये. आम्ही रेकॉर्डर फळीवर ठेवला, खिडकीत ठेवला. अखेर आक्कानेच तो शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगावर ठेवला आणि हादरा गेला. मशीनची खडखड तेवढी राहिली. तिची पद्धत अशी की शिवायला बसतानाच बटण दाबायचं. आधी बराच वेळ नुसतं मशीन चालायचं, मग कधीतरी त्यातून गुणगुण वर यायची.

'लिही गं बाई'ची कॅसेट नांदगावला गेली. पुढच्या वेळी त्यांचं गाणं ऐकायला आम्ही पुन्हा गेलो. चाल आक्काची, अगदी हुबेहूब. ढोलकीवालाही मशीनच्याच लयीत वाजवत होता. आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यात, ओळ अर्धी असताना, सगळी पार्टी एकदम थांबली. ढोलकी बंद, टाळ बंद. श्वासभर शांतता. मग पुन्हा तिथूनच सुरू.

मामा कुजबुजले, "हे काय?"

आक्का पदरात तोंड खुपसून हसत होती, डोळ्यांतून पाणी. "अरं लेकरांनो," कार्यक्रमानंतर ती त्यांना म्हणाली, "तिथं माझा धागा तुटला हुता रे! ओवायला थांबले!"

ढोलकीवाला बिचारा ओशाळला. "आम्हाला वाटलं, तशीच चाल हाय. काढून टाकू."

"नाय. ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "तिथं ऐकनारा मान वर करून बघतो. म्या बघितलं."

तेव्हापासून नाशकातही ते गाणं तिथे थांबतं. आणि त्या वर्षीच्या पुस्तिकेत मामांनी मला न सांगता छापलं, 'चाल : सोनाआक्का'. प्रत हातात देताना म्हणाले, "आता भांडायला दुसरं काही शोध."

आक्काने पुढे पुष्कळ कॅसेटी भरल्या. जी चाल मशीन थांबताच जायची ती आता राहते, याचं तिला फार अप्रूप होतं. "माझं गेलेलं परत येतं," असं ती त्या काळ्या डब्यावर हात फिरवत म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. कॅसेटी तिच्या मुलाकडे, ओझरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेल्या होत्या. मी त्या आणायला गेले. भला माणूस, चहा पाजल्याशिवाय सोडेना. पहिली कॅसेट लावली तर सिनेमाची गाणी. दुसरीत लग्नाचा बँड. पुढचीत पुन्हा सिनेमा. मी एकेक बदलत होते. त्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"ताई, मी लावून बघितल्या होत्या हो," तो म्हणाला. "सुरुवातीला नुसतं मशीनच वाजत होतं. मला वाटलं, आईच्या हातून चुकून बटण दाबलं गेलंय."

त्याने आईचं मशीन जन्मभर ऐकलं होतं. त्या खडखडीत गाणं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या बायकांच्या कामाचा आवाज हा आपल्याला नेहमी गाण्याच्या आधीचा आवाजच वाटतो. आपण तेवढ्यावर कान काढून घेतो.

नांदगावची कॅसेट मात्र राहिली. मी तिथे जाऊन ती ऐकली. मशीन, मग आक्का, मग तुटलेला धागा. त्या थांबण्यात, कान लावला तर, तोंडात धागा ओला करत ती स्वतःशीच "हात् मेल्या" म्हणते, तेही ऐकू येतं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी तिथेच बसून आक्काच्या कात्रीच्या टोकाने ते मोडले. ती कात्री तिच्या मुलाने मला दिली आहे.

आता तुमचं काम. हे वाचून झालं की उठा, घरातल्या नाव नसलेल्या कॅसेटी काढा आणि शेवटपर्यंत ऐका. नुसती खडखड असली, जातं असलं, भांडी असली, तरी बंद करू नका. आतून कुणाचा आवाज वर आला, तर ते दोन तुकडे मोडा आणि वर त्या बाईचं नाव लिहा. आजच.