पेवातलं घासलेट

परवा टीव्हीवर एक शहाणा सांगत होता की, मोठे देश कच्चं तेल जमिनीखाली, खडकात पोकळ्या करून भरून ठेवतात. लढाई पेटली, जहाजं अडली, तर कामी यावं म्हणून. ऐकून माझं डोकंच फिरलं. साठवणं सोपं आहे हो! ते काढायचं कधी, कोणाच्या जिवासाठी काढायचं, हे कोण ठरवतं ते सांगा की.

आमचं गाव आदिलाबादकडचं, तलमडुगुच्या बाजूचं, कापूस-ज्वारीचं. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात जाणार की नाही, ही ओढाताण चालली होती तेव्हा सरहद्दीवरून माल येणं बंद झालं. घासलेट तर औषधालाही मिळेना. मग पंचांनी घरोघरचे उरलेले डबे गोळा केले नि गावच्या पेवात उतरवले. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. अरुंद तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपायची. गावावर संकट आलं तरच उघडायचं, असं ठरलं. पंचांमध्ये माझे बाबा सगळ्यांत कडक.

घरात मग टोळीच्या तेलाचे, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचे, दिवे लागले. पण ते घट्ट तेल कंदिलात चालत नाही, वातीचा कोळसा होतो. आणि उघडा दिवा घेऊन कडब्याच्या कोठ्यात कोण जाणार? दिवस बुडाला की माय तिथं अंधारात चाचपडतच बैलांना चारा टाकायची.

एकदा तिनं विचारलंच. “अवो, कंदिलापुरतं वाटीभर घासलेट काढा ना. कोठ्यात पायाखालचं दिसत नाई.”

“ते घरची अडचण व्हय,” बाबा म्हणाले. “गावावरचं संकट नाई.”

“वाटीभरानं काय गाव बुडून राह्यलं?”

“पंचाच्याच घरी पयले वाटी भरली, तर लोक काय म्हणतीन?”

लोक! त्या लोकांपायी माय अंधारातच कोठ्यात जात राहिली.

पावसाळ्यात, अशीच दिवेलागणीला ती कोठ्यात गेली नि कडब्यातली परड, म्हणजे घोणस, तिच्या पायाला चावली. बाबांनी तिला बंडीत घातलं, आदिलाबादच्या दवाखान्याकडे बैल पिटाळले. ती वाटेतच गेली. बाबांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मातीला आलेले लोक म्हणत होते, पंच असावा तर असा, घरच्यांनाही वाटीभर दिलं नाही. आग लागो त्या कौतुकाला!

लवकरच फौजा आल्या, संस्थान गेलं. काल निजामाला सलाम ठोकणारे झेंड्याला ठोकू लागले. बाजारात घासलेट आलं, पण पंच पेव उघडेनात. राज्य नवं, काय भरवसा, म्हणे.

पुढे भाषावार प्रांत झाले. आमचं गाव मराठी बोलणारं, तरी आंध्रात गेलं. पलीकडचा माल आता कायमचा तुटणार, अशी हूल उठली, तेव्हा कुठं पंचांना संकट दिसलं. माझं लग्न झालेलं होतं; मी माहेरी आले होते. सारा गाव पेवाभोवती जमला. एरवी पेव उघडलं की पेटता दिवा आत सोडून हवा पाहायची रीत. त्या दिवशी कोणी दिव्याचं नाव काढलं नाही. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवून मग एक जण दोरानं उतरला.

वर आले ते नुसते पत्रे. ओलीनं डब्यांची बुडं गंजून चाळणी झाली होती, घासलेट कधीच जमिनीत जिरलं होतं. ज्वारी टिकते तिथं टिनही टिकेल, असं ह्या शहाण्यांना वाटलं होतं!

बाबा पेवाच्या तोंडाशी बसले नि ढसाढसा रडायला लागले. त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

“बाबा, माय गेली तवा तुमी काऊन रडले नाई?”

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

“माय आपल्या घरची होती, पोरी. हे लोकाचं होतं.”

मी त्याच दिवशी सासरी निघून आले.