दादाने स्वतः आणायची बरणी

माझा मोठा भाऊ दौलत अबुधाबीत एका फ्रेंच फॅमिलीकडे ड्रायव्हर होता. दोन वर्षांनी एक महिना सुट्टी मिळायची. दोन हजार आठला ती सुट्टी त्याने घरी न येता फ्रान्सला काढली. मॅडमच्या आईचं तिकडे शेतावर घर आहे, त्याच लोकांनी त्याला नेलं.

तिकडून फोन केला तेव्हा नुसता खूश. "बाय, म्हातारी मला काम करूच देत नाय. गाडी धुवायला गेलो तर बादली काढून घेतली. झाडाखाली खुर्ची टाकली नि खुणेने बोलते, बस."

मी बोलले, "बस मग. आता तीच तुझी आई."

परत अबुधाबीला गेल्यावर त्याने विचारलं, "आपल्या वाडीतला सोमनाथ गावी येतोय. त्याच्याकडे काय पाठवू?"

"कायएक नको. आणायचं तर स्वतः घेऊन ये."

"बरं, पुढच्या सुट्टीला आणतो, इन्शाल्ला."

मग मंदी आली. साहेबाची नोकरी गेली, फॅमिली निघून गेली. दादाने दुसरीकडे काम धरलं. तिथे सुट्टीची दोन वर्षं परत पहिल्यापासून. भरायला दोन महिने होते, तेवढ्यात हार्ट अटॅकने गेला.

त्याची बॅग सोमनाथनेच आणली. टॉवेलात गुंडाळलेली जॅमची बरणी होती, जॅम त्या म्हातारीबरोबर त्याने स्वतः केलेला, असं सोमनाथने सांगितलं. वर चिठ्ठी, माझं नाव, 'दर्शना'.

सोमनाथ बोलला, "मी दोनदा बोललो, दे, मी नेतो. तर बोलला, नको, तिने मलाच आणायला सांगितलंय."

बरणी फळीवर आहे. मी उघडली नाय. दादाने कुठे आणलीय ती अजून.