जर्मन टकल्याचं म्हणणं

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, म्हणजे पगार घेऊन लोकांच्या करमणुकीवर विरजण घालते. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला अभ्यासक्रमात एक जर्मन विचारवंत आला. गेल्या शतकातला, टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, लोकप्रिय गाणी साबणाच्या वड्यांसारखी एकाच साच्यातून निघतात. आपल्याला वाटतं आपण निवडली, पण निवड आधीच झालेली असते, आणि ऐकणाऱ्याला करायला त्यात काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. मला हे सगळं पटलं होतं. अजूनही बरंचसं पटतं.

पंचाईत अशी की, त्याच वर्षी बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि एका कॅराओके ग्रुपात शिरले. गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, उरलेलं संगीत मशिनवर लावायचं आणि त्या रिकाम्या जागी आपण गायचं, असा हा प्रकार. कोल्हापुरात आता कुस्तीच्या तालमी कमी आणि असे ग्रुप जास्त झालेत. बाबांच्या ग्रुपात मशिन सांभाळणारे एक दातांचे डॉक्टर, दोन निवृत्त मास्तर आणि जोतिबावरचे एक नारळ-गुलालाचे दुकानदार. रविवारची गर्दी आटपून ते सोमवारी डोंगर उतरून खाली यायचे, म्हणून ग्रुपचा सराव सोमवारी.

उरलेले सहा दिवस बाबा घरी सराव करत. मशिन कुणासाठी थांबत नाही. बाबा प्रत्येक ओळीला जरा उशिराच पोचायचे, सुटलेल्या एसटीमागे धावल्यासारखे.

आई मूळची नेसरीची, आवाज शेताच्या बांधापर्यंत जाणारा. शनिवारचे तास मी घरून ऑनलाइन घेते, तेव्हा ती शेजारी भाजी निवडत बसते. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं ऐकलं नसेल इतकं मन लावून तिनं ते ऐकलं होतं, हे मला उशिरा कळलं.

"अवो, कारखान्यातली गाणी हायती ती," एके सकाळी तिनं स्वयंपाकघरातून तोफ डागली. "तुमी गात न्हाई. ते मशिन तुमास्नी नाचवतंय. हिचं ते जर्मन टकलं तसंच सांगून गेलंय."

"त्याला म्हणावं, एकदा घरला येऊन रस्सा खा, मग बोल," बाबा म्हणाले.

त्या बिचाऱ्याचा असा वापर होताना बघून मला हसू आवरेना. पण ग्रुपनं हॉल घेऊन कार्यक्रम ठरवला, बाबांनी तिला यायला सांगितलं आणि ती साफ नाही म्हणाली, तेव्हा हसू थांबलं. बाबा तसे कुणाची मनधरणी करणाऱ्यांतले नाहीत. ते मलाच म्हणाले, "तिला आण गं. ती नसली तर मी कुणासाठी गायचं?"

मी आईला पुन्हा विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी बी गात हुते की. लग्न करून आले तवा, हितंच, चुलीम्होरं. तर ह्ये म्हनायचे, गप की जरा, बातम्या लागल्यात. बसले गप. आता ह्यांनी गायचं आन् मी टाळ्या वाजवायच्या व्हय?"

आई गायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार वाईट वाटलं आणि बाबांचा रागही आला. मी जाऊन त्यांना तोंडावर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि रंकाळ्यावर निघून गेले. परत आल्यावर डॉक्टरांना फोन करून एवढंच म्हणाले, "माझं गाणं बदला."

शेवटी आई आली. "तू एकटी जाशील म्हणून," असं मला बजावून आली आणि उठून जायला सोपं म्हणून दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसली.

बाबांनी जुनं, दोघांनी म्हणायचं गाणं घेतलं होतं. जोडीदारीण नसेल तर बाईचा आवाज तसाच ठेवलेली फीतही मिळते. डॉक्टरांनी तीच देऊ केली होती, पण बाबांनी ती नाकारली होती. ते आपल्या ओळी गायले, चक्क वेळेवर. बाईच्या ओळी आल्या, तेव्हा माईक खाली केला आणि गप्प उभे राहिले. पडद्यावर गाण्याची अक्षरं रंग बदलत पुढे सरकत होती आणि नुसतं संगीत वाजत होतं.

"पावणं, माईक बंद पडलाय वाटतं," मागून कुणीतरी ओरडलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांची नजर दुसऱ्या रांगेवरून हलेना. असं प्रत्येक कडव्याला झालं. माझा जर्मन म्हणतो, ऐकणाऱ्याला काही शिल्लक ठेवत नाहीत. इथे तर निम्मं गाणं शिल्लक ठेवलं होतं. आई बाबांकडे बघतच नव्हती. ती पडद्यावरची अक्षरं वाचत होती.

परतताना बाबा गाडी चालवत होते. आमच्या गल्लीचं वळण आलं तेव्हा आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पट्टी लई वर हाय त्या गाण्याची. त्या डागदराला म्हणावं, जरा खाली घे. माझा आवाज आता तेवढा चढत न्हाई."

बाबांनी गाडी तिथंच बाजूला घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला.