धाकटीच्या गावचा ग्रुप

धाकटी बहीण पलूसकडं दिली आणि मी खानापूरच्या माळावर. तिच्या ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मी हट्टानं शिरलेय. आज पाणी सहाला येईल, उद्या गटारं साफ होतील, नव्या दिव्यांचे फोटो. आमच्या ग्रुपवर नुसते वाढदिवसाचे केक. रोज वाचते आणि रोज जळते.

आमच्याकडं टँकर. मी अजून घमेल्यात बसून अंघोळ करते आणि तेच पाणी लिंबाच्या झाडाला घालते. ते बघून धाकटी एकदा पोट धरून हसली होती. मी विसरले नव्हते.

परवा तिच्या ग्रुपवर आलं, पाइपलाइन फुटली, तीन दिवस पाणी येणार नाही. खोटं कशाला बोलू, मी शिरा केला. ताटली हातात घेतली तोच तिचा फोन.

"ताई, घरात दोनच घागरी पाणी हाय. काय करू गं?"

"घमेल्यात बस अंघोळीला," मी ठसक्यात सांगितलं. "तेच पाणी झाडांना घाल."

ती म्हणाली, "घरात घमेलंच न्हाई गं. कधी लागलंच न्हाई."

तिच्या नळाचा मी इतकी वर्षं हेवा केला. पण त्या नसलेल्या घमेल्याचा जेवढा वाटला, तेवढा कशाचाच नाही. शिरा तसाच राहिला.