नवसाचा बोकड आणि साहेबाचा ब्लडहाऊंड

मी बी.ए. झालो याचे वाईट वाटण्याचे कारण आमच्या सबंध गावात फक्त एका बोकडाला होते.

आमच्या घराण्यात माझ्याआधी शिकलेला माणूस म्हणजे माझे वडील, आबा. त्यांना स्वतःची सही करता येत असे. पण घाई असली की तेही अंगठाच उठवत. असल्या घरातला मुलगा पुण्याला कॉलेजात जातो म्हटल्यावर आईने प्रोफेसरांवर विसंबून राहायचे नाकारले. तिने शिवेवरच्या म्हसोबाला नवस केला, की दत्तू बी.ए. झाला की बोकड देईन. पुढे धावपळ नको म्हणून लगेच एक करडू आणून दारात बांधलेसुद्धा! (मी नापास होईन हे तिने धरलेच नव्हते. मी मात्र धरून होतो.)

मी नापास झालो. करडाचा बोकड झाला. मी पुन्हा नापास झालो. बोकडाला दाढी आली. मी जितक्या वेळा आपटलो तितकी वर्षे त्याच्या आयुष्यात वाढत गेली आणि तेवढ्या काळात तो घरचाच होऊन बसला. नाव सोन्या. आईच्या हातची भाकरी खायचा, चुलीपाशी रवंथ करायचा आणि आबा मळ्यातून आले की त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरून घरभर मागे हिंडायचा. आबा ओरडायचे, "आरं सोड की, फाटंल!" पण सोगा काही सोडवून घ्यायचे नाहीत.

शेवटी देवाच्या, आईच्या आणि कोणा अज्ञात परीक्षकाच्या कृपेने मी पास झालो. नगरच्या छावणीत एका गोऱ्या मेजरच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलोही. म्हसोबाची यात्रा जवळ आली तशी मी रजा काढून कोल्हारजवळच्या आमच्या गावी आलो. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पाहतो तो दावे रिकामे!

"आई, सोन्या कुठाय?"

"मला काय ठावं? सुटला आसंल रातीचा." ती चुलीकडे तोंड करून डोळे पुसत म्हणाली. मला वाटले, धूर गेला असेल डोळ्यांत. (चूल पेटलेली नव्हती. पण पदवीधराने अशा बारीकसारीक गोष्टींत कशाला लक्ष घालायचे?)

आबाही घरी नव्हते. तिकडे डोंगराकडच्या अकोल्याला मावशीकडून तांदूळ आणतो म्हणून ते पहाटेच गाडी जुंपून गेले होते. तीन दिवसांनी परत आले ते रिकामी गाडी घेऊन.

"आबा, तांदूळ?"

"न्हाई मिळाला."

"एवढ्या लांब जाऊन?"

"न्हाई म्हन्लं ना!" आबा म्हणाले आणि बैल सोडायला लागले. रेशनचे दिवस होते. मलाही ते पटले.

गावात मात्र हाहाकार उडाला. नवसाच्या बोकडाची मुंडी भगताची आणि मांडी पाटलांची, हा मान वाडवडलांपासून चालत आलेला. त्यामुळे देवाच्या वतीने दुःख करायला ही दोन माणसे सर्वांत पुढे होती.

"देवाचं देनं हाय, दत्तू," भगत म्हणाला. "म्हसोबा कोपला तर तुजी डिग्री ठिवील व्हय जागंवर?"

मी विज्ञानावर विश्वास ठेवणारा माणूस. पण डिग्री जागेवरून हलण्याचा धोका मी पत्करणार नव्हतो. शिवाय ज्या आईने माझ्यासाठी नवस केला, तिचा नवस फेडून देणे हे माझे कर्तव्यच होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाटील, काळजी करू नका. मी नगरहून कुत्रा आणतो!"

"कुत्रं?" पाटील म्हणाले. "गावात काय कमी हायेत का?"

मग मी चावडीवर बसून कुत्र्यांच्या जातींवर व्याख्यान दिले. मेजरसाहेबांच्या कचेरीत या विषयावरचे एक जाडजूड पुस्तक होते आणि साहेब विलायतेला परतायच्या गडबडीत असल्याने मला ते वाचायला भरपूर सवड होती. ग्रेहाऊंड नजरेने शिकार धरतो. टेरियर बिळात शिरतो. स्पॅनियल झुडपातला पक्षी उठवतो. पण हरवलेल्याचा माग काढावा तर ब्लडहाऊंडनेच! "त्याचं नाक चुकत नाही, पाटील. माणूस खोटं बोलेल, साक्षीदार फिरेल, पण ब्लडहाऊंडचं नाक? कधीच नाही! आमच्या साहेबांच्या ड्यूकची तर वंशावळ लिहून ठेवलीय. बाप, आजा, पणजा, सगळे नावानिशी."

पाटील विचारात पडले. त्यांना स्वतःला आज्याच्या पलीकडचे नाव ठाऊक नव्हते. "कुळी चांगली दिसतीय," ते आदराने म्हणाले. "आना मग पाव्हण्याला."

साहेबांनी परवानगी दिली आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून ड्यूक आमच्या गावी उतरला. ड्रायव्हरशेजारची जागा त्याला, मला टपावरची. त्याची देखभाल करणारे साहेबांचे खानसामा रहीमचाचाही बरोबर होते. ड्यूकच्या कानांची टोके जमिनीला टेकलेली, कपाळाच्या वळ्या डोळ्यांवर आलेल्या, डोळे लाल आणि पाण्याने भरलेले. त्याला पाहून शेजारची म्हातारी कळवळली, "आगं बया! कोन वारलं म्हनायचं ह्याच्या घरातलं?"

त्या संध्याकाळी आईने प्रथमच माझ्या विद्येत रस घेतला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दत्तू, म्हंजी ज्याचा वास दिला त्याच्याकडंच जातं व्हय ते कुत्रं?"

"त्याच्याकडेच! दुसरीकडे ढुंकून पाहणार नाही!"

"आन् वास भलत्याचाच दिला तर?"

"तर भलत्याकडे जाईल. पण असा गाढवपणा करील कोण?"

"व्हय बाबा," आई म्हणाली. "कोन करील!"

सकाळी मी नदीवर जाऊन आलो, न्हाव्याकडून दाढी करून घेतली, धुतलेला सदरा घातला आणि चावडीवर पाटलांच्या शेजारी जाऊन बसलो. शास्त्राचा विजय मानाच्या जागेवरून पाहावा, अशी माझी इच्छा होती. तिकडे घरी मी सांगून ठेवल्याप्रमाणे आईने बोकडाच्या अंगाखालचे पोते रहीमचाचांना काढून दिले. ड्यूकने पोत्यात नाक खुपसले, सबंध गावाने श्वास रोखला आणि तो निघाला!

पुढे ड्यूक, साखळीला लोंबकळत रहीमचाचा आणि मागे गाव. वरात आधी नदीकाठच्या बाभळबनात शिरली, जिथे गावातले पुरुष रोज सकाळी टमरेल घेऊन जातात. तिथे एका झुडपामागे ड्यूकने बराच वेळ अभ्यास केला. मग वरात न्हाव्याच्या ओट्यावर गेली. ड्यूकने धोकटी हुंगली आणि मान वर करून असा गंभीर सूर काढला की न्हाव्याच्या हातातला वस्तरा पडला. मग वरात वळली ती थेट चावडीकडे.

"आलं! आलं!" पाटील उठून उभे राहिले. "माग घावला!"

मीही उठलो. ड्यूक पायऱ्या चढला, माझ्यासमोर आला, दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर टाकले आणि वळ्यावळ्यांचे तोंड माझ्या तोंडावर फिरवून मला कपाळापासून हनुवटीपर्यंत चाटले!

"रहीमचाचा," मी तोंडावरची लाळ पुसत म्हणालो, "हे काय?"

"साब, ड्यूक कधी चुकत नाय," चाचा अभिमानाने म्हणाले. "तुमीच तर सांगितलं सगळ्यांना."

पाटील सावकाश माझ्याकडे वळले. वंशावळ असलेल्या कुत्र्यावर अविश्वास दाखवण्याइतके ते हलके नव्हते. "बोकड ह्याच्याकडं हाय," ते म्हणाले. "पन दिसत तर न्हाई. म्हंजी..." त्यांची नजर माझ्या पोटावर आली.

"म्हंजी बाभळीत कापला, तिथंच खाल्ला!" भगत ओरडला.

"आन् आज सकाळीच माझ्याकडं यिऊन दाढी केली," न्हावी पुढे सरसावला. "नखंबी काढून घेतली, पाटील! म्या म्हन्लं, आज का बरं नखं?"

"खुना पुसाया!" गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय!" मी ओरडलो. "कुत्रा चुकला असेल!"

"परवा तर म्हनत हुतास नाक चुकत न्हाई?" भगत म्हणाला.

तेवढ्यात रहीमचाचांना माझी दया आली. "पाटीलसाब, त्या जनावराची घंटा-बिंटा असंल तर आणा. पुन्हा वास देऊ. सडकंनं कुठंबी गेलं असलं तरी ड्यूक तिथवर नेईल."

"द्या! द्या वास!" मी आनंदाने म्हणालो. मी सुटणार होतो! आणि तेवढ्यात चावडीच्या पायरीशी आई तांब्या घेऊन उभी दिसली. चावडीवर बायका येत नसत. ती आली म्हणून सगळे बाजूला सरले.

"पानी पी, दत्तू," ती मोठ्याने म्हणाली. मी वाकलो तशी कानाशी कुजबुजली, "सोन्या मावशीकडं हाय. आबांनी नेला गाडीत घालून. मी तुज्या अंथरुणाखालचं पोतं दिलं रं. माज्या हातनं न्हाई व्हनार त्याला द्यायला. म्हसोबाची काय ती समजूत मी काढीन. पन कुत्रं तिथवर गेलं, तर ही मान्सं ठिवत्यात व्हय त्याला?"

मी पाणी प्यायलो. मान वर करून पाहिले तर गर्दीच्या मागे आबा उभे. नजर जमिनीवर आणि धोतराचा सोगा, कधी नव्हे तो, मोकळा लोंबत असलेला.

"घंटा नको," मी म्हणालो. "मी खाल्ला."

"एकट्यानं?" पाटील थक्क झाले.

"एकट्यानं."

"आख्खा?"

"मित्र होते."

"कुठलं?"

"नगरचे. गेले."

"आन् मुंडी?" भगताचा आवाज चिरकला. "माजी मुंडी?"

"तीपण."

भगत मटकन खाली बसला. पाटील मात्र माझ्याकडे एका नव्याच आदराने पाहू लागले. बराच खल झाला. कोणी म्हणे वाळीत टाका, कोणी म्हणे दुसरा बोकड घ्या. शेवटी भगताच्या अंगात आले आणि निकाल बाहेर पडला. ज्याच्यापायी नवस केला त्याच्याच पोटात बोकड गेला, तेव्हा देवाला तो पावला असे समजावे. फक्त म्हसोबाला पुरणपोळीचा निवद द्यावा, आणि त्यातले पहिले ताट भगताकडे, दुसरे पाटलांकडे पोचवावे. म्हसोबाला नैवेद्याचे पत्ते इतके तपशीलवार ठाऊक असतात, हे मला तोवर माहीत नव्हते.

ड्यूकचा मात्र सत्कार झाला. पाटलांनी स्वतःच्या हाताने त्याला हार घातला. "विद्या म्हनावी तर ही! घरच्या मान्सालाबी भीड न्हाई!" जाताना टपावर मला आणि पुढच्या सीटवर हारासकट त्याला बसवून गावाने निरोप दिला.

सोन्या अकोल्याला भाताचा पेंढा खाऊन म्हातारा झाला. आई दर दिवाळीला बहिणीला भेटायला म्हणून जाई आणि बहिणीशी दोन शब्द बोलायच्या आधी गोठ्यात शिरे. एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. ज्याच्यासाठी मी अब्रू दिली त्या सोन्याने मला शिंग मारले.

गावी यात्रेची पंगत अजून बसते. मी शहरातून मुद्दाम जातो, मांडी घालून बसतो. मटणाची बादली घेऊन पोरे ओळीने वाढत येतात, शेजारच्याच्या पानात चार फोडी टाकतात आणि माझ्यापाशी आल्यावर अदबीने वाकून म्हणतात, "दत्तूकाका, तुमचं तर मागंच झालंय!" मग पळी बादलीच्या काठाला नीट निथळून, चुकून एखादी फोड येऊ नये अशा बेताने, ते माझ्या पानात नुसता रस्सा ओततात, आणि मी, बी.ए., तो भुरकून वर ढेकर देतो, कारण दिला नाही तर पोरांना संशय यायचा!